ब्रुकनरच्या सिंफनी पहिल्यांदा ऐकायच्यात? सोलापुरात बसून सुरुवात अशी करा

बीथोव्हेन थोडा ऐकून झालाय, मोत्झार्ट आवडतो, आता पुढं काय ऐकू असं ज्यांना वाटतं त्यांनी आंतोन ब्रुकनर हे नाव लिहून ठेवा. ऑस्ट्रियाचा माणूस, १८२४ साली लिंझ शहराजवळच्या आन्सफेल्डेन नावाच्या खेड्यात जन्म, १८९६ साली व्हिएन्नात वारला. सिंफनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांब रचना, त्याच्या नंबर दिलेल्या अशा नऊ, त्यातली नववी अर्धवट राहिली, आणि बहुतेक सिंफनी तासाभराच्या किंवा त्याहून मोठ्या. इथंच बरीच मंडळी गळतात, कारण ऑफिसातून आल्यावर तासभर एका जागी बसून, शब्द नाहीत गाणं नाही असं काहीतरी ऐकायचं म्हणजे अंगावरच येतं. म्हणून पहिली गोष्ट सांगतो, पूर्ण सिंफनी ऐकायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका. एक मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा एक भाग, घ्यायची, एकच रेकॉर्डिंग धरायचं, आणि तेच आठवडाभर ऐकायचं. ब्रुकनर असाच आत शिरतो.

आणि पहिल्या नंबरपासून तर अजिबात सुरू करू नका. आपल्याला सवय असते की नऊ आहेत ना, मग एक पासून सुरू करू, क्रमाने जाऊ. पण पहिली सिंफनी त्याने लिहिली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता आणि अजून स्वतःची वाट शोधत होता, ती ऐकून माणूस बिचकतो. चौथीपासून सुरू करा. हिला त्याने स्वतःच 'रोमँटिक' असं नाव दिलेलं आहे. त्यातही सरळ तिसरी मूव्हमेंट लावा, जिला स्केर्झो म्हणतात. दहा-अकरा मिनिटांची आहे, शिकारीला निघालेल्या माणसांची हॉर्न वाजतायत असं चित्र आहे, आणि चहा पिता पिता एकदा ऐकून होते.

ही ऐकताना एक ताल पकडायचा, तो पकडला की अर्धा ब्रुकनर हातात आला म्हणून समजा. दोन टाळ्या सारख्या अंतराने वाजवा, मग तेवढ्याच वेळात तीन वाजवा. टक टक, टकटक-टक. तबला थोडाफार ऐकलेल्यांना लगेच कळेल, बरोबरीतून एकदम दीडपट. हा दोन-तीनचा नमुना त्याला इतका आवडायचा की तो जवळजवळ प्रत्येक सिंफनीत कुठं ना कुठं येतोच, कधी तीन-दोन असा उलटा पण येतो. स्केर्झोत हॉर्न हाच ताल धरून लांबून जवळ येतात, एकामागून एक वाद्यं मिसळतात आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा एकदम उसळतो. मध्येच एक शांत तुकडा येतो, गावच्या नाचाच्या चालीचा. ब्रुकनर तरुणपणी खेड्यात मदतनीस शिक्षक होता, पगार फार तुटपुंजा, तेव्हा गावच्या नाचाला फिडल वाजवून चार पैसे मिळवायचा, तो नाच इथं सापडतो. त्यानंतर पहिला भाग परत जसाच्या तसा. म्हणजे दहा मिनिटांत तुम्ही अर्धं संगीत दोनदा ऐकलेलं असतं, नव्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय पाहिजे.

शोधायचं कसं ते बघा. रोमन अक्षरात टाइप करताना स्पेलिंगमध्ये सी आणि के दोन्ही येतात, नाहीतर भलतंच काहीतरी समोर येतं. आता नावापुढं साल दिसेल, १८७४, १८७८/८०, १८८८ असं. हे बघून गोंधळून जाऊ नका पण दुर्लक्षही करू नका. तुम्हाला १८७८/८० वालं पाहिजे. १८७४ च्या मूळ मसुद्यात स्केर्झो पूर्ण वेगळाच आहे, शिकार वगैरे काहीच नाही, त्यामुळं लावलं आणि ती धावती हॉर्नची चाल ऐकूच आली नाही तर समजा दुसरा मसुदा लागलाय, बदला. कार्ल ब्योम या कंडक्टरने (म्हणजे समोर उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणारा) व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर १९७३ साली केलेलं रेकॉर्डिंग सुरुवातीला मी सगळ्यांना सुचवतो, आवाज गोड आहे, लय घाईची नाही आणि रेंगाळणारीही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे सोलापुरात राहणाऱ्याला जास्तच लागू आहे. मोबाईलच्या स्पीकरवर ब्रुकनर ऐकू नका. नाहीच होत. त्याच्या बऱ्याच सिंफनी सुरू होतात त्या जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आवाजात, व्हायोलिनवाले गज अगदी बारीक थरथरवत एक धुकं तयार करतात आणि त्या धुक्यातून एखादं वाद्य हळूच बाहेर येतं. चौथीची पहिली मूव्हमेंट लावा, हे धुकं, आणि त्यावर एकटं हॉर्न, एक सूर, खाली उतरून परत तिथंच. मोबाईलवर हे धुकं गायब होतं आणि पुढं पितळेची वाद्यं आली की स्पीकर फाटतो. साधे कानात घट्ट बसणारे इयरफोन पण चालतील, महागडी सिस्टिम लागत नाही. फक्त आवाज सुरुवातीच्या बारीक सुरावर सेट करू नका, नाहीतर दोन मिनिटांनी कान फुटतील. आधी जिथं मोठ्यांदा वाजतं तो तुकडा लावून आवाज ठरवा आणि मग मागं येऊन सुरुवात करा. आणि फुकटच्या अ‍ॅपवर ऐकत असाल तर मध्ये जाहिरात येणार नाही याची काहीतरी सोय करा, स्केर्झो आणि फिनाले म्हणजे शेवटची मूव्हमेंट यांच्या मध्ये कोणी सिमेंट विकायला आला की सगळी मजाच जाते.

वेळ कुठली? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पंखा बंद करून बसणं शक्यच नाही आणि पंख्याच्या घरघरीत ती सुरुवात ऐकू येत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात रात्री अकरानंतर गच्चीवर जा, अंथरूण तसंही तिथंच असतं. पूर्व भागात राहणाऱ्यांकडं यंत्रमागाची खटखट असते, शिफ्ट बदलायची वेळ तुम्हालाच माहीत, ती धरा. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर तेवढे दिवस सोडून द्या, जत्रेत फिरा की, ब्रुकनर कुठं पळून जात नाही. थंडीतली पहाट मात्र सर्वात भारी, साडेपाच-सहाला पंखा नाही, ट्रॅफिक नाही, सगळं ऐकू येतं. आणि प्रवासात पहिल्यांदा ऐकू नका, रेल्वेत तर नकोच, डब्याच्या आवाजात निम्मी सिंफनी बुडते. ओळखीची झाली की मग कुठंही ऐका.

माणूस कसा होता हे थोडं माहीत असलं तर ऐकायला मदत होते म्हणून सांगतो. बाप शाळामास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. ब्रुकनर बारा वर्षांचा असताना तो गेला आणि पोराला सेंट फ्लोरियनच्या मठात गायक मुलगा म्हणून ठेवलं. पुढं तो तिथंच ऑर्गन वाजवायला लागला, मग लिंझच्या कॅथेड्रलमध्ये. तिशी उलटल्यावर व्हिएन्नाच्या सिमोन झेख्तर नावाच्या गुरूकडं सहा वर्षं काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक चाली एकमेकींत गुंफायची विद्या, शिकला, तेही बरंचसं पत्रातून, आणि ती सगळी वर्षं गुरूने स्वतःचं काही लिहायचं नाही असं बजावलेलं. १८६१ साली परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांपैकी योहान हेर्बेक म्हणाला की यानेच आमची परीक्षा घ्यायला पाहिजे होती. ऑर्गनवर हात असा की पॅरिसच्या नोत्र दाममध्ये आणि लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये जाऊन वाजवून आला. भाविक कॅथलिक, साधा, गावाकडचा, व्हिएन्नाच्या बड्या लोकांत त्याला कायम अवघडल्यासारखं व्हायचं, आणि मोजायची सवय जडलेली, खिडक्या मोजायचा, स्वतःच्या वहीत संगीताचे बार, म्हणजे तालाचे छोटे खंड, मोजून आकडे टाकायचा.

त्याचं ऑर्गनवादक असणं सिंफनीत स्पष्ट ऐकू येतं. ऑर्गनवर एक खुंटी (स्टॉप) आत ढकलून दुसरी ओढली की आवाज बदलतो तसा त्याचा ऑर्केस्ट्रा एकदम रंग बदलतो, आत्ता सगळी तंतुवाद्यं, लगेच सगळी पितळेची. आणि मध्येच पूर्ण शांतता. सगळं जोरात चालू असताना एकदम थांबतं, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग कुठून तरी वेगळंच काहीतरी हळू सुरू होतं. माझा एक मित्र पहिल्यांदा ऐकताना वैतागला, "बंद पडलं काय बे?" म्हणून मोबाईल हलवून बघायला लागला. बंद नाही पडलेलं. मोठ्या दगडी चर्चमध्ये सूर सोडल्यावर तो विरायला वेळ लागतो आणि ब्रुकनरचं आयुष्य अशा जागी गेलं. तुमच्या खोलीत तेवढा घुमारा नाही, पण त्या शांततेत आधीचा सूर कानात चालू राहतो का बघा. राहतो.

दुसरी अडचण लोकांना येते ती म्हणजे गोष्ट पुढं सरकत नाही असं वाटणं. बीथोव्हेनमध्ये भांडण असतं, निकाल लागतो. इथं तसं नाही. इथं एक चढण असते, थोडं वर जातो, थांबतो, परत खाली, परत थोडं जास्त वर. आपल्याला याची सवय खरंतर असायला पाहिजे, विलंबित ख्याल ज्याने शांतपणे ऐकलाय त्याला तार षड्ज कधी लागणार म्हणून गडबड नसते, लागायच्या आधी निषादावर कितीदा थांबतात तेच ऐकायचं असतं. ब्रुकनर त्या मनाने ऐकला तर अर्ध्या तक्रारी मिटतात. साधारण असं लक्षात ठेवा की त्याच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये तीन वेगवेगळ्या चाली येतात, पहिली गूढ, दुसरी गाणारी, तिसरी बऱ्याचदा सगळे मिळून एकसाथ दणकून वाजवतात ती. तीन चाली ओळखीच्या झाल्या की पुढं त्यांचं काय काय होतंय ते कळायला लागतं.

चौथी अंगात मुरली, मग सातवी. माझ्या मते ब्रुकनरची सगळ्यात सुंदर सिंफनी हीच, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरं मोठं यश मिळालं तेही हिच्यामुळंच, १८८४ च्या ३० डिसेंबरला लाइपझिगमध्ये आर्तुर निकिश या कंडक्टरने वाजवली तेव्हा, म्हणजे साठी उलटल्यावर. सुरुवात परत त्याच थरथरत्या धुक्यातून, पण इथं चेलो (मोठ्या, जाड आवाजाच्या व्हायोलिनसारखं वाद्य) एक चाल सुरू करतात आणि ती संपतच नाही, चढत जाते, वळते, परत चढते, जवळजवळ मिनिटभर एकच लांब वाक्य. हे वाक्य पाठ होईपर्यंत पुढं जाऊ नका, खरंच सांगतो, फक्त पहिली दोन मिनिटं परत परत लावा. मग पूर्ण मूव्हमेंट ऐकताना एक गंमत कान देऊन बघा. टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, पूर्ण मूव्हमेंटभर गप्प बसलेले असतात. वीस मिनिटांच्या मूव्हमेंटमध्ये शेवटचा टप्पा येतो तेव्हा पहिल्यांदा ते खालून एकाच सुरावर घुमायला लागतात, अगदी हळू, आणि त्या एका सुरावर बाकी सगळं वर वर चढत जातं. हे माहीत नसताना पण काहीतरी जमीन हलल्यासारखं होतं, आणि माहीत झाल्यावर तर माणूस त्या जागेची वाटच बघत बसतो.

दुसरी मूव्हमेंट, अडाजिओ. वीस-पंचवीस मिनिटांची, खूप संथ. घरी ही स्पीकरवर लावली होती तेव्हा काकू शेंगा सोलत बसलेल्या, त्यांना या संगीताचं काही म्हणजे काही माहीत नाही, पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "कोण गेलंय रे यात?" गेला होता तो वाग्नर, जर्मनीचा बडा ऑपेराकार. ब्रुकनर वाग्नरला देवासारखं मानायचा, तो आता फार दिवस राहणार नाही असं मनात आलं आणि ही चाल सुचली असं त्याने पत्रात लिहिलंय, आणि मूव्हमेंट लिहीत असतानाच १३ फेब्रुवारी १८८३ ला वाग्नर व्हेनिसमध्ये वारला. सुरुवातीला जो जाड, काळसर, हॉर्न आणि ट्रॉम्बोनच्या मधला आवाज येतो ते चार वाग्नर ट्यूबा, वाग्नरने स्वतःच्या ऑपेरांसाठी बनवून घेतलेलं वाद्य, ब्रुकनरने सिंफनीत पहिल्यांदा वापरलं ते इथं. मग चढण सुरू होते, एकच चाल परत परत, दर वेळी एक पायरी वर, व्हायोलिनं तिच्याभोवती गोल गोल फिरत राहतात, आणि शेवटी सी मेजर या पट्टीत सगळं उघडतं, तिथं झांजेचा एकच दणका. ते ओसरलं की परत तेच ट्यूबा, हा खास वाग्नरसाठीचा शोक.

त्या झांजेवरून जाणकारांत आजही वाद आहे. मूळ हस्तलिखितात तो दणका नंतर चिटकवलेल्या कागदावर आहे आणि त्यावर कोणीतरी 'ग्राह्य नाही' अशा अर्थाचा शेरा मारलाय, तो शेरा कोणाचा यावर भांडण. रॉबर्ट हासने संपादित केलेल्या प्रतीत झांज काढून टाकलीय, लेओपोल्ड नोवाकने नंतर काढलेल्या प्रतीत ठेवलीय. म्हणून एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये दणका आलाच नाही तर तुमचे इयरफोन बिघडलेले नाहीत. मला स्वतःला झांज पाहिजे. वीस मिनिटं चढून गेल्यावर तेवढा उजेड पडायलाच पाहिजे.

आता हे मसुदे आणि प्रती इतक्या का, तर त्यामागं एक वाईट गोष्ट आहे. तिसरी सिंफनी त्याने वाग्नरलाच अर्पण केलेली. १८७७ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नात ती वाजायची होती, हेर्बेक कंडक्ट करणार होता पण तो दोन महिने आधी वारला, मग ब्रुकनर स्वतःच उभा राहिला. कंडक्टर म्हणून त्याचा हात बेताचा, वादकांना ही सिंफनी नकोच होती, आणि कार्यक्रम चालू असताना लोक उठून जायला लागले, शेवटी मूठभर राहिले. त्या मूठभरांत सतरा वर्षांचा गुस्ताव्ह मालर होता, पुढं स्वतः मोठा संगीतकार झालेला, ज्याने नंतर याच सिंफनीची पियानोवर वाजवायची प्रत तयार केली. पण ब्रुकनरच्या मनावर घाव बसायचा तो बसलाच. कोणी शिष्य म्हणाला छोटी करा, हा करायचा. आठवी १८८७ मध्ये पूर्ण करून हेर्मान लेव्ही या कंडक्टरकडं पाठवली, त्याला ती कळलीच नाही, त्याने नको म्हणून कळवलं आणि हा परत तीन वर्षं ती लिहीत बसला. म्हणून एकेका सिंफनीची दोन-तीन रूपं आहेत. नव्या माणसाने या जंगलात लगेच शिरायची गरज नाही. चौथीचं साल वर सांगितलंच, आठवीचं १८९० वालं घ्या, सातवीला झांजेशिवाय काही काळजी नाही, बाकीचं दोन वर्षांनी बघू.

आठवीला मात्र सुट्टीचा दिवस ठेवा, ऐंशी मिनिटांची आहे. पण आधी अडाजिओ वेगळी ऐका, सगळ्या सिंफनींत फक्त आठवीतच त्याने हार्प वापरलीय, आणि ती कुठं कुठं येते ते टिपत गेलात तरी मूव्हमेंटचा नकाशा तयार होतो. फिनालेच्या अगदी शेवटी चारही मूव्हमेंटमधल्या चाली एकाच वेळी एकमेकांवर वाजतात, हे तेव्हाच कळतं जेव्हा चारही चाली ओळखीच्या असतात, म्हणून इथं घाई केली तर तोटा तुमचाच. १८९२ मध्ये हान्स रिश्टरने ही व्हिएन्नात वाजवली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली, जिथं पंधरा वर्षांपूर्वी उठून गेले होते त्याच गावात.

नववी त्याने देवाला अर्पण केली, आणि तीनच मूव्हमेंट पूर्ण झाल्या, चौथ्या मूव्हमेंटवर काम चालू असतानाच तो वारला. ही सर्वात शेवटी ऐका. स्केर्झो भीतीदायक आहे, कोणीतरी दारावर घणाने मारतंय असा, ज्यांना ब्रुकनर म्हणजे फक्त शांत, भक्तीचं संगीत वाटतं त्यांनी तेवढा एक लावून बघावा. कार्लो मारिया जुलिनीने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेली नववी लै संथ आणि लै खोल आहे, तीच घ्या.

कंडक्टरांबद्दल विचाराल तर एवढंच, ऑयगेन योखुम मनातून वाजवतो, वेग कमी-जास्त करतो, नवख्याला लवकर भिडतो. गुंटर वांड काटेकोर, कुठलाही सूर वाया जात नाही, दुसऱ्या फेरीला तो घ्या. कारायानचं शेवटचं रेकॉर्डिंग सातवीचंच आहे, १९८९ चं, नक्की ऐका. चेलिबिदाखे म्युनिकमध्ये आठवी शंभर मिनिटांच्या वर नेतो, त्याचे भक्त खूप आहेत आणि मलाही तो आवडतो पण पहिल्यांदा तो लावलात तर ब्रुकनर सोडून द्याल.

पाचवी आणि सहावी या बाकीच्या सिंफनींच्या मध्ये कधीही ऐकल्या तरी चालतील. पाचवीचं फिनाले म्हणजे बांधकाम कसं असावं याचा धडा आहे, आणि ही सिंफनी त्याने स्वतः ऑर्केस्ट्राकडून कधीच ऐकली नाही, १८९४ मध्ये ग्राझला पहिल्यांदा वाजली तेव्हा तो आजारपणामुळं जाऊ शकला नाही. सहावी जरा छोटी आहे, तिची संथ मूव्हमेंट लोक विसरतात, तुम्ही विसरू नका. मोठ्या सिंफनींनी थकवा आला तर 'लोकुस इस्ते' ही त्याची तीन-एक मिनिटांची प्रार्थना ऐका, फक्त माणसांचे आवाज, तरी आतली ती शांतता तीच.

आणि प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा एकदा तरी ऐकाच, मग तो ब्रुकनर असो नाहीतर दुसरं कोणी. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात शास्त्रीय गायन ऐकायला मिळतं पण ऐंशी-नव्वद वादकांचा ऑर्केस्ट्रा नाही, त्यासाठी मुंबईच गाठावी लागते, नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम असतात, २००६ पासून चालू आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलं की सकाळी सीएसएमटी, दिवसभर मुंबईतली कामं उरकायची आणि संध्याकाळी हॉलमध्ये. पुढच्या रांगेच्या महाग तिकिटांच्या मागं लागू नका, वरची बाल्कनी घ्या, तिथून हॉर्न, ट्रॉम्बोन आणि टिंपनीवाले नीट दिसतात, आणि कोण कधी गप्प बसलंय हे पण दिसतं.